समोरचा पाट

अकरा वर्षं मी रोज सकाळी ध्यानाला बसत होते आणि अकरा वर्षं चुकत होते. थोडंथोडकं नाही, मुळातच. आणि चूक अशी, की दुसऱ्या कुणाकडून झालीच नसती. शाळेत शिकवत असते, बाजारात भाजी विकत असते, तर चुकले नसते. मी गणपतीचे डोळे काढते म्हणून चुकले.

आमचा कारखाना पेणजवळ हमरापूरला. कारखाना म्हणजे भोंगा वाजतो तसला नव्हे. गणपती करायच्या पत्र्याच्या शेडलाही आमच्याकडे कारखानाच म्हणतात. लग्न होऊन आले तेव्हा सासऱ्यांनी मला आधी घासकामाला बसवलं. साच्यातून निघालेली मूर्ती कागदाने घासून गुळगुळीत करायची. दिवसभर पांढरी धूळ, पापण्यांवरसुद्धा. दोन वर्षांनी त्यांनी एके दिवशी हातात बारीक ब्रश दिला आणि म्हणाले, "हात थरथरत नाय तुझा. आता आखणी तू कर." डोळे काढायच्या कामाला आम्ही आखणी म्हणतो. ती सगळ्यात शेवटी होते. तोवर मूर्ती म्हणजे माल. मालाला आम्ही काखेत मारतो, आडवा ठेवतो, त्याच्या मांडीवर चहाचा कप ठेवणारेही आहेत, आणि त्यात कुणाला काही वाटत नाही. डोळे आले की मात्र हात आपोआप जपून लागतो.

नजर तपासायची सासऱ्यांची एक पद्धत होती. आखणी झाली की स्टुलावर पाट ठेवायचा आणि पाटावर मूर्ती मांडायची, घरात जेवढ्या उंचीवर बसणार तेवढ्या. आपण समोर जमिनीवर मांडी घालायची, पूजा करणारा माणूस बसतो तिथे. हात जोडायचे नाहीत, काही मागायचं नाही. नुसतं बसायचं आणि वाट बघायची. नजर आपल्यापर्यंत येते का? आली तर मूर्ती गिऱ्हाईकाची. डोक्यावरून गेली किंवा मध्येच अडली, तर बुबुळ पुसून पुन्हा. सासरे गेले, पण मी ती पद्धत सोडली नाही. घाईच्या दिवसांत आमचे हे मूर्तीला बॉडी कलर मारायची गन हातात धरून ओरडतात, "अगो, टेम्पो उभा हाय, किती बसतेस?" मी म्हणते, उभा राहू दे. पेणमध्ये माझ्या डोळ्यांना मान आहे, आणि तो मी मिरवतेही. खोटं कशाला बोलू?

मला हे का जमतं, ते मात्र मी कुणाला सांगितलं नव्हतं. ह्यांनाही नाही.

माझं माहेर धरमतरच्या खाडीकडचं. आई मिठागरात कामाला जायची. मी चार वर्षांची असताना ती तापाने गेली. फोटो एकही नाही. आमच्यात तेव्हा फोटो कोण काढत होतं? मला तिच्या टाचा आठवतात, मिठाने फाटलेल्या, त्यांवर ती खोबरेल चोळायची. ओल्या लुगड्याचा खारट वास आठवतो. चेहरा आठवत नाही. पण एक गोष्ट आठवते. मी मिठागराच्या बांधावर बसले होते, आणि तिने काम थांबवलं, वळली आणि माझ्याकडे बघितलं. बघितलं, एवढं पक्कं आठवतं. कुठल्या डोळ्यांनी बघितलं, ते डोळे आठवत नाहीत. त्या बघण्यात मी जेवढी पुरी होते, तेवढी नंतर कधीच, कुठेच नव्हते. लग्नात नाही, मुलगी झाली तेव्हाही नाही.

तर मूर्तीसमोर बसून मी त्या नजरेची वाट बघायची. प्रत्येक वेळी. कधी अगदी जवळ आल्यासारखी वाटायची, अंगावर काटा यायचा. मग मूर्ती टेम्पोत चढायची आणि कुठेतरी ठाण्याला, पुण्याला निघून जायची. पुढची मूर्ती पाटावर यायची. माझं आयुष्य असं चाललं होतं आणि त्यात काही कमी आहे हे मला ठाऊकही नव्हतं.

ठाऊक करून दिलं रोह्याच्या एका बाईंनी. बाई म्हणजे खरोखरीच्या बाई, प्राथमिक शाळेतून रिटायर झालेल्या. त्यांचा मुलगा कंपनीत शिफ्टला. त्याने आमच्याकडून मूर्ती नेली आणि दुसऱ्या दिवशी फोन केला, "आमच्या आईला डोळ्यांबद्दल बोलायचंय. येऊन जाल का?" चतुर्थीला चार दिवस राहिलेले, इथे मान वर करायला फुरसत नाही, आणि म्हणे येऊन जाल का. माझा पारा चढला. माझ्या डोळ्यांबद्दल आजवर कुणी बोललं नव्हतं. ब्रश आणि रंगाच्या दोन डब्या पिशवीत टाकल्या आणि एस्टी धरली. त्या हायवेने रोह्याला पोचेपर्यंत कंबरेचे टाके ढिले झाले, आणि राग होता तो दुप्पट झाला.

बाई मूर्तीसमोर खुर्चीत बसल्या होत्या. बारीक चणीच्या, पांढरे केस, चष्मा दोरीला बांधलेला. म्हणाल्या, "डोळे सुरेख काढलेस गो. पण हा गणपती माझ्याकडं बघत नाय. कुणाची तरी वाट बघतोय."

मी म्हटलं, "बाई, नजर बरोबर हाय. मी समोर बसून तपासलीय. आणि माल आम्ही परत घेत नाय."

त्या हसल्या. "परत कुठं देतेय मी? मला फक्त बघायचं होतं, वाट कोण बघतंय ते." आणि माझ्याकडे बघत राहिल्या. तळपायाची आग मस्तकात गेली माझ्या. पाणीही न पिता निघाले. स्टँडवर एस्टीत बसले आणि मग काय झालं कोण जाणे, रडूच यायला लागलं. शेजारच्या बाईने विचारलं, "कोण गेलं काय?" मी म्हटलं, "नाय, डोळ्यात रंग गेलाय."

विसर्जनानंतर मी पुन्हा गेले. पोह्याचे पापड द्यायचं निमित्त केलं. बाईंनी पापड ठेवून घेतले आणि म्हणाल्या, "ये की रविवारची. आम्ही चार जणी ध्यानाला बसतो." तेव्हा मी एक्केचाळीस वर्षांची होते.

रविवारी सकाळी त्यांच्या खोलीत चार बायका आणि कंपनीतून रिटायर झालेले एक काका असायचे. खिडकीतून कुंडलिका नदी दिसायची. बाई आपल्या जुन्या वहीतलं थोडं वाचायच्या आणि मग शाळेत समजावतात तसं समजवायच्या. अद्वैत हा शब्द मी कीर्तनात ऐकला होता, पण तो आपल्यासारख्यांसाठी असतो असं वाटलं नव्हतं. बाई म्हणायच्या, "आपण माझा हात म्हणतो, माझं डोकं म्हणतो, माझं मन म्हणतो. मग हे 'माझं' म्हणणारी कोण? तिला बघ. हात बदलले, डोकं पिकलं, मन तर घटकेत दहा वेळा बदलतं. जी बदलत नाय ती तू. देव म्हणतात तो तोच. व्हायचं काहीच नाय, तू ते हायसच. फक्त दुसरं कुणीतरी हाय, हे सोडायचं."

मी मान डोलवायची. खरं सांगायचं तर मी शब्दांपेक्षा बाईंच्या चेहऱ्याकडे जास्त बघायची. धंदाच तो माझा. त्या चेहऱ्यावर कशाचीच वाट बघणं नव्हतं. चार माणसं आली तरी तेच, कुणीच आलं नाही तरी तेच. मुलगा शिफ्टवरून उशिरा आला तरी तेच. मला ते हवं झालं. एकदा तरी, मरायच्या आधी, आपल्या आतलं हे वाट बघणं थांबलेलं मला अनुभवायचं होतं. दुसरं काही नको होतं. मोक्षबिक्ष मोठ्या लोकांना.

म्हणून मी रोज बसायला लागले. सकाळी कामाची माणसं यायच्या आधी, शेडमध्ये. आणि कशी बसले? स्टूल ठेवलं, त्यावर पाट ठेवला, रिकामा. आणि समोर मांडी घातली. मला त्यात काही वावगं वाटलं नाही. बसायचं म्हणजे असंच बसायचं, एवढंच माझ्या अंगाला माहीत होतं. डोळे मिटायचे आणि त्या पाटावरून नजर यायची वाट बघायची. कधी छातीत ऊब भरायची, कधी घळाघळा पाणी यायचं. रविवारी मी बाईंना सांगायची, "बाई, छान लागतं." त्या नुसतं "हं" म्हणायच्या. बाकीच्यांना त्या खोदून खोदून विचारायच्या, मला हं. मला वाटायचं, आपलं बरोबर चाललंय, म्हणून विचारत नाहीत.

अशी अकरा वर्षं गेली. मुलगी लग्न होऊन पनवेलला गेली. माझे केस पिकले. ब्रश धरायला चष्मा लागला. मग एकदा बाई पेणला कुणाच्यातरी लग्नाला आल्या आणि दुसऱ्या दिवशी सकाळी न सांगता आमच्या कारखान्यात उभ्या राहिल्या. हे चुलीवर चहा ठेवत होते. म्हणाले, "आत बसलीय, बघा." बाई आत आल्या. मला चाहूल लागली नाही. किती वेळ मागे उभ्या होत्या कोण जाणे. मग आवाज आला, "समोर कुणाला बसवलंयस गो?"

मी दचकून डोळे उघडले. समोर स्टूल, रिकामा पाट. चोरी पकडल्यासारखं झालं. आणि मग मी सगळं सांगितलं, मिठागर, बांध, टाचा, ते बघणं. आयुष्यात पहिल्यांदा सांगितलं. मला वाटलं बाई जवळ घेतील, पाठीवरून हात फिरवतील. बाई म्हणाल्या, "उचल तो पाट."

"आणि मग बघू कुणाकडं?"

"कुणाकडं नाय. समोर कोण नायच. तूच हायस नुसती. तू आईची वाट बघत बसलीस, ध्यान कुठं केलंस?"

माझं डोकं फिरलं. मी म्हटलं, "तुमची आई म्हातारी होऊन गेली, बाई. फोटो हाय भिंतीवर तिचा, हार घातलेला. तुम्हाला बोलायला काय जातंय?" बाई ह्यांनी आणलेला चहा प्यायल्या, कप धुऊन ठेवला आणि गेल्या. मी पोचवायलाही गेले नाही.

आठ महिने मी रोह्याला फिरकले नाही. पहिले काही दिवस मुद्दाम, हट्टाने पाट मांडून बसले. पण बसलं की बाईंचा तो प्रश्न मध्ये यायचा, समोर कुणाला बसवलंयस, आणि पुढे काही यायचंच नाही. ऊब नाही, पाणी नाही. आई मी चार वर्षांची असतानाच गेली, आणि तिची जी काही सावली मी जपली होती ती बाईंनी नेली, असं मला वाटायचं. बाईंना मी मनातल्या मनात काय काय म्हटलं ते इथे लिहिण्यासारखं नाही.

मग एका सकाळी वैतागून पाट उचलला आणि इतर पाटांच्या थप्पीत टाकला. स्टूल बाजूला सरकवलं. बसले. समोर नुसता पत्रा. पत्रा गंजलाय, एवढं ज्ञान झालं. रोज बसायची आणि रोज पत्र्याला तोंड देऊन उठायची. ह्यांनी एकदा विचारलं, "तुला नक्की पायजे काय?" मी म्हटलं, "तुम्हाला नाय कळायचं." हे म्हणाले, "मला जाऊ दे. तुला तरी कळलंय का?" पस्तीस वर्षांच्या संसारात माणूस एवढं बरोबर पहिल्यांदाच बोलला होता.

त्यातच एकदा मी नागोठण्याहून परत येत होते. गडबच्या पुढे रस्त्याचं काम काढलेलं, एस्टी उभीच राहिली. पाच मिनिटं, दहा मिनिटं. लोक ड्रायव्हरच्या नावाने शंख करत होते. मी खिडकीशी. बाहेर भात कापलेलं शेत, एक बाई भारे बांधत होती. वाकायची, पेंढा ओढायची, गाठ मारायची. मी बघत होते. मग बघणंच राहिलं. बाई होती, शेत होतं, गाडीतली भांडणं ऐकू येत होती, पण ह्या सगळ्याच्या अलीकडे खिडकीशी बसलेली मी म्हणून कोण ती सापडत नव्हती. आणि त्याचं काही वाटतही नव्हतं. किती वेळ, सांगता येणार नाही. मग डोक्यात आलं, अगो बाई, हेच की ते! आणि झालं. खलास. पुन्हा मी, माझी पिशवी, माझा दुखणारा गुडघा.

मी तिथेच उतरले. रस्ता ओलांडला, उलटी एस्टी धरली आणि थेट रोहा गाठलं. आठ महिन्यांचा रुसवा कुठल्या कुठे. बाईंनी दार उघडलं, जशी मी गेल्याच रविवारी येऊन गेले होते. मी दारातच सगळं सांगितलं आणि विचारलं, "बाई, हेच का?"

बाई म्हणाल्या, "हेच का, ते तू ठरवणार की मी?"

पुन्हा राग आला. पण आता राग घेऊन घरी जायचं त्राण नव्हतं. तिथेच बसले आणि त्यांच्या सुनेने केलेलं वालाचं बिरडं खाल्लं.

त्यानंतरची तीन वर्षं वाईट गेली. आधी निदान माहीत नव्हतं. आता एकदा चव कळली होती आणि मग उपास. पाट नाही, आई नाही आणि गडबचं ते शेतही नाही. त्या रस्त्याने जाताना मी खिडकीशी जागा धरायची आणि बाहेर डोळे लावायची. तो रस्ता एकदाचा झाला, एस्टी थांबेनाशी झाली, शेतं भराभर मागे जायची. मला रडू यायचं. कशासाठी रडतेय हेही धड सांगता येत नव्हतं. आई नाही म्हणून रडणं सोपं असतं. हे म्हणजे, आपणच आपल्याला मिळत नाही म्हणून रडणं. बाईंना सांगितलं तर म्हणायच्या, "बसत जा."

गेल्या वर्षी आषाढात सुनेचा फोन आला. "काकू, आईंचं काही खरं नाही. डॉक्टरांनी घरी न्यायला सांगितलं. तुमचं नाव काढतात." कारखान्यात मूर्तींच्या रांगा लागलेल्या, सगळ्या आखणीला थांबलेल्या. ह्यांच्याकडे बघितलं. हे म्हणाले, "जा. गणपती कुठं जात नाय."

सगळ्या वाटेत मी एकच प्रश्न घोकत होते. ह्या वेळी उडवून लावू द्यायचं नाही, सरळ विचारायचं. बाई, तुम्हाला ते कळलं का? खरं असतं का ते? त्यांनी व्हय म्हटलं असतं तर मी उरलेली वर्षं पत्र्यासमोर खुशाल बसले असते. एवढं एकच माणूस मला माहीत होतं, ज्याला ते कळलेलं होतं. ते माणूस गेलं की विचारणार कुणाला?

दुपारचे दोन वाजले असतील. बाई पलंगावर, उशांना टेकवून बसवलेल्या. अर्ध्या झाल्या होत्या. चष्मा नव्हता. सून म्हणाली, "बोला तुम्ही, मी चहा टाकते," आणि आत गेली. मी पलंगाच्या कडेला बसले, त्यांचा हात धरला आणि विचारलं. घोकलेलं होतं तसंच.

बाई मग म्हणाल्या, "नाय गो. मला नाय कळलं."

मला वाटलं, माझा प्रश्नच त्यांना समजला नाही. पुन्हा विचारलं. त्या म्हणाल्या, "समजलं मला काय विचारतेस ते. शिकवलं सगळ्यांना. खोटं नाय शिकवलं, तसंच हाय ते, मला ठाऊक हाय. पण मला नाय आलं. तू त्या दिवशी गडबचं सांगत आलीस ना, मला हेवा वाटला तुझा. म्हणून तसं बोलले."

मला राग आला. मरायला टेकलेल्या बाईचा राग आला, हे लिहितेय आणि लाज वाटतेय, पण आला. चौदा वर्षं. माझा पाट उचलायला लावला, माझी आई घालवली, आणि आता म्हणे नाय आलं. हात सोडवून घ्यावा असं वाटलं. तेवढ्यात त्यांनीच तो घट्ट धरला.

"भीती वाटते," बाई म्हणाल्या. "कोण नाय समोर. जरा समोर बस. माझ्याकडं बघत बस."

आयुष्यभर समोर कोण नाय म्हणून सांगणारी ती बाई. मी उठले. खुर्ची ओढून त्यांच्या समोर बसले, त्यांच्या डोळ्यांच्या उंचीला. आणि बघायला लागले.

पहिल्यांदा धंद्याची नजर गेली. डावी पापणी उजवीपेक्षा खाली. बुबुळांच्या कडेला म्हातारपणाची पांढरी रेघ. डोळे भिरभिरत होते, माझ्यावर येत होते आणि सुटत होते. घाबरलेलं मूल बघतं तसे. मग माझा राग कधी गेला ते कळलं नाही. ही बाई किती वर्षं एकटी वाट बघत बसली असेल, असं मनात आलं, आणि मग तेही गेलं. मी बघत राहिले. समोर ते घाबरलेलं मूलच बसलंय, त्याला भूक नाही, त्याला काही बोलायचं नाही, त्याच्याकडे फक्त बघायचंय, असं. त्यांचे डोळे स्थिरावले. माझ्यावर टेकले आणि राहिले. पुढचं मला नीट सांगता येणार नाही, आणि सांगता येत नाही म्हणून मी ते सजवणारही नाही. त्या खोलीत बघणं होतं. ते माझ्याकडून त्यांच्याकडे जातंय की त्यांच्याकडून माझ्याकडे येतंय, असा प्रश्नच तिथे नव्हता. दोघी होत्या असंही म्हणता येत नाही. आणि ह्या वेळी, हेच का ते, असं विचारायला कुणी आलं नाही.

सून चहा ठेवून गेली होती. तिने हाक मारली तेव्हा बघितलं, तर चहावर साय धरून तो गार झालेला आणि खिडकीतलं ऊन भिंतीवर गेलेलं. बाई झोपल्या होत्या. चेहरा शांत होता. सून म्हणाली, "चार दिवसांत पहिल्यांदा डोळा लागला त्यांचा."

मी उठवलं नाही. रविवारी येते म्हटलं आणि निघाले.

एस्टी गडबवरून गेली आणि मी खिडकीबाहेर बघायला विसरले. पेण स्टँडला उतरले, हमरापूरसाठी रिक्षाला उभी राहिले, आणि तिथे, लोकांच्या गर्दीत, वडापावच्या गाडीशेजारी, मला ते कळलं. जी नजर समोरून येईल म्हणून मी बावन्न वर्षं वाट बघत बसले होते, ती त्या दुपारी माझ्यातूनच गेली होती. तीच ती. मी ओळखणार नाही असं होईल का? फक्त आजवर मी ती घेणाऱ्याच्या जागेवरून ओळखत होते. कधीतरी ती माझ्यातूनही निघेल, हे माझ्या स्वप्नातही नव्हतं, म्हणून मी समोर पाट मांडत राहिले.

हे बाईंना सांगायचं होतं. त्यांनाच सांगण्यासारखं होतं, आणि त्यांना सांगितलं असतं तर त्यांनाही ते आलंच होतं हे त्यांना कळलं असतं, कारण त्या खोलीत माझं वेगळं आणि त्यांचं वेगळं असं काही नव्हतं. रविवार तीन दिवसांवर होता. शनिवारी सकाळी सुनेचा फोन आला.

आईचा चेहरा मला अजून आठवत नाही, आता आठवणारही नाही. पण बांधावर बसलेल्या पोरीकडे बघताना तिला आतून कसं होत होतं, ते मला माहीत आहे.